दार नावाची फाइल

१

घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा. मोठे इमले, पूल, कारखाने असलं काही नाही. कुणाला बाल्कनी आत घ्यायची असते, कुणाला एका खोलीच्या दोन करायच्या असतात, कुणाला दवाखाना थाटायचा असतो, अशी माणसं माझ्याकडे येतात. मी टेप घेऊन जातो, मापं घेतो आणि घरी येऊन कंप्यूटरवर नकाशा काढतो. माझी मापं चुकत नाहीत. बायको म्हणते, "मापं तेवढी खरी, बाकी सगळा माणूस थापाड्या." हा आरोप मला मान्य नाही. मी नेमकंच बोलतो, फक्त बोलताना माझं स्केल जरा मोठं असतं.

ऑफिस म्हणजे आमच्या फ्लॅटमधली अडगळीची खोली. लांबट, चिंचोळी, चपलांच्या खोक्यासारखी. एका टोकाला दार, त्यापलीकडे पॅसेज. दुसऱ्या टोकाला इमारतीची बाहेरची भिंत, त्यापलीकडे चार मजले नुसती हवा. खिडकी नाही. मध्ये टेबल. टेबलाशी बसलं की उजव्या हाताला दार आणि डाव्या हाताला हवेची भिंत. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझाच गोंधळ होणार आहे.

या खोलीत माझा जुना कंप्यूटर नांदत होता. चालू केला की आधी खोकायचा, मग घरघरायचा, आणि एखादा मोठा नकाशा उघडला तर असा काही धापा टाकायचा की खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघत बसायचे.

"हा कंप्यूटर आहे की गिरणी?" बायको म्हणायची. "निदान काहीतरी दळून तरी द्या त्यात."

शेवटी नवा आला. इतका गप्प की चालू आहे का बघायला त्याच्यावर हात ठेवावा लागे. आता जुन्यातले सगळे नकाशे नव्यात न्यायचे, एवढंच काम. सुट्टीच्या सकाळी चहा घेऊन बसलो.

२

इथे मला माझी एक हुशारी सांगितली पाहिजे.

नकाशातलं दार म्हणजे काय, तर एक रेघ आणि एक पाव वर्तुळ. रेघ म्हणजे दाराची फळी. पाव वर्तुळ म्हणजे ती फळी उघडताना जेवढी जागा झाडून घेते तेवढी. धंदा सुरू केला तेव्हा मी एक दार मन लावून काढलं आणि त्याची वेगळी फाइल करून ठेवली. नाव दिलं 'दार'. त्यानंतर दुसरं दार म्हणून काढलं नाही. प्रत्येक नकाशात तेच दार, त्या एका फाइलमधून आणून दाखवलेलं. आमच्या धंद्यात असं बरेच जण करतात.

मी त्यापुढे एक पाऊल गेलो. दारासाठी भिंत तोडायची, तिची दोन्ही टोकं बंद करायची, हा खटाटोप कोण करणार? मी भिंत सलग ओढायचो आणि वरून दार ठेवायचो. दाराच्या पाठीला एक पांढरा चौकोन होता, तो खालची भिंत झाकून टाकायचा. कागदावर कुणाला पत्ता लागत नसे. म्हणजे खरं सांगायचं तर माझ्या एकाही घराला दार नव्हतं. भिंती सलग होत्या आणि वर चिकटवलेल्या एका चित्रावर सगळ्यांची ये-जा चालली होती.

त्या सकाळी बायको पाठीशी उभी होती. "जुना कचरा नव्यात नेऊ नका हां. आधी साफ करा. ते फ्रिजचं गॅरंटी कार्ड कशाला ठेवलंय? तो फ्रिज जाऊन किती वर्षं झाली."

मग मी साफ केला. गॅरंटी कार्ड गेलं, लग्नाच्या आमंत्रणांचे नमुने गेले, कुणाकुणाची बिलं गेली. एका कोपऱ्यात एक एकटीच फाइल होती, नाव 'दार'. इतकी जुनी की मला वाटलं कुठल्या तरी सुताराचं बिल असेल. तीही टाकली. वर कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. बायको खूश झाली, माझा मोबाईल चार्जिंगला लावायला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेली, आणि मी वायर जोडून नकाशे पाठवायला लागलो.

३

जुना घरघरत होता, नवा गप्पपणे घेत होता. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. ताज्या कामांपासून सुरुवात केली होती, त्यामुळे आधी गेला दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, मग कुणाचं स्वयंपाकघर, मग एक शिकवणीचा वर्ग.

थोड्या वेळानं बायको मोबाईल घेऊन आली. "डॉक्टर आहेत. घाईत वाटतायत."

"काय हो नकाशेवाले," डॉक्टर म्हणाले, "एक्स-रेच्या खोलीचं दार तुम्ही आत उघडणारं दिलं होतं की बाहेर?"

"आत. माझी सगळी दारं आत उघडतात. का?"

"आमची नर्स आत गेलीय आणि दार उघडत नाहीये. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय."

"त्याला म्हणावं मिट थोडा वेळ, तेवढाच आराम." डॉक्टर हसले नाहीत. "लाकूड फुगलं असेल," मी म्हणालो, "सुतार बोलवा."

बायको फोन घेऊन परत गेली. जाताना दार ओढून घेतलं. ते लागल्याचा आवाज मी ऐकला. त्या दाराचा तो शेवटचा आवाज.

पट्टी भरत राहिली. जुनी कामं येत गेली. काही माणसं आता जगात नाहीत, काही घरं पाडलीसुद्धा. अगदी तळाशी आमचं स्वतःचं घर होतं, हौसेनं काढलेलं, प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट मापात. ते गेलं आणि जुना कंप्यूटर मोठा सुस्कारा टाकून बंद पडला. माझ्या मनात आलं, काम झालं, जीव सोडला बिचाऱ्यानं.

मग खोलीत जी शांतता झाली ती मला आवडली नाही. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी शांतता ऐकलीच नव्हती.

४

"अहो," बायकोचा आवाज आला, लांबून, जाड पांघरुणाखालून बोलावं तसा. "डॉक्टरांचा परत फोन. सुतार आलाय म्हणे. तो विचारतोय, दार कुठल्या भिंतीत होतं?"

"म्हणजे काय? दिसत नाही का त्याला?"

"तेच मी विचारलं. ते म्हणाले, नाही दिसत. नर्सचा आवाज येतोय, पण कुठून येतोय ते कळत नाही."

मी नव्या कंप्यूटरवर दवाखान्याचा नकाशा उघडला. सुबक, स्वच्छ, सगळी मापं जिथल्या तिथे. फक्त दार नव्हतं. एक्स-रेच्या खोलीला चारी बाजूंनी सलग भिंत. दवाखान्यालाही सलग भिंत. दुसरा नकाशा उघडला, तिसरा उघडला. घरंच्या घरं खोक्यांसारखी बंद.

तेव्हा मला सकाळी टाकून दिलेली 'दार' आठवली. धसका बसला तो धंद्याचा. आता हे सगळं परत काढावं लागणार, असा. सुताराला न सापडणाऱ्या दाराचं आणि माझ्या फाइलचं काही नातं असेल हे मनात आलं, पण मी ते हसण्यावारी नेलं. मी थापा मारतो, त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. लाकूड फुगतं, सुतार कामचुकार असतात, डॉक्टर घाबरट असतात.

बायकोला सांगावं म्हणून उठलो, उजवीकडे वळलो आणि पॅसेजच्या भिंतीवर नाक आपटलं.

५

तिथे भिंत होती. अंधारात चुकून भलत्या ठिकाणी वळलो असं नव्हे, डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख होती. दाराची चौकट नव्हती, कडी नव्हती, दाराशेजारी असायची ती बटणंही नव्हती. रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा, जुना, थोडा मळका. माझा हात दार उघडताना जिथे टेकायचा तिथला तेलकट डाग मात्र होता. भिंतीवर. मी त्यावर तळहात ठेवला. भिंत गार होती, भरीव होती.

मी सगळं केलं जे शहाणा माणूस करतो. डोळे मिटून उघडले. बसलो, उठलो. भिंत बोटांनी वाजवून पाहिली. टेबलावरची टेप घेऊन खोलीची लांबी मोजली. बरोबर होती. मापं कधी चुकत नाहीत.

"अगं," मी ओरडलो, "इकडे ये जरा."

"तुम्हीच या. चहा केलाय परत."

"येता येत नाही. दार नाहीये."

बाहेर गाळणं आपटल्याचा आवाज. मग, "बरं. मग चहा भिंतीतून देऊ का?"

"मी थट्टा करत नाहीये."

"मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये अस्वल होतं तेव्हाही थट्टा नव्हती. आले हां, कप घेऊन येते." तिची पावलं ऐकू आली. मग ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा तिच्या आवाजातली गंमत गेली होती. "अहो, मी आत्ता स्वयंपाकघरातून आले ना?"

"मला कसं दिसणार?"

"आले. हातात कप आहे. आणि मागे वळून बघतेय तर स्वयंपाकघराचं दार नाही. बेडरूमचं नाही. बाहेर जायचंही नाही. अहो, या पॅसेजला नुसत्या भिंती आहेत. काय केलंत तुम्ही?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात काहीही बिघडलं तरी ती हेच विचारते. या वेळी तिचं बरोबर होतं.

६

उपाय सोपा होता. आमच्या घराच्या नकाशात एक दार काढायचं, माझ्या खोलीतून पॅसेजमध्ये जाणारं. मग बाकीची. नंतर डॉक्टरांचं. मी टेबलाशी बसलो आणि बायकोला म्हटलं, "घाबरू नकोस. भिंतीवर ठोक, म्हणजे तू उभी आहेस ती जागा सोडून दार काढतो."

ठकठक झाली. डावीकडे. हवेच्या भिंतीतून.

मी खुर्ची डावीकडे वळवली. "परत ठोक."

परत डावीकडे. आणि लगेच, जरा घाईनं, उजवीकडूनही.

"तू एकटीच ठोकतेयस ना?"

"एकटीच," डावीकडून आलं.

"एकटीच," उजवीकडून आलं. तोच आवाज. तीच चिडचिड, वाक्य संपताना तोच हेल.

"अगं, तू उभी कुठे आहेस?"

"पॅसेजमध्ये, अजून कुठे असणार?" डावीकडची म्हणाली. "पायाखाली फरशी आहे, बाजूला चपलांचं कपाट आहे. तुम्हाला काय वाटलं, हवेत लटकतेय?"

"पॅसेजमध्ये," उजवीकडची म्हणाली. "इकडे काढा दार."

उजवीकडेच पॅसेज होता. या घराचा नकाशा मी स्वतः काढला आहे. डावीकडे दार काढणं म्हणजे चौथ्या मजल्यावरून बाहेर पाऊल टाकणं. माझी अक्कल एवढंच सांगत होती, आणि तिच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. तरी माझा हात माऊसवर गेला नाही. पॅसेज कुठे आहे हे मला टेपनं मोजता येतं. बायको कुठे आहे हे कशानं मोजायचं?

शेवटी मला जे येतं ते मी केलं. मोठ्यानं म्हणालो, "एकदा एका गृहस्थाला मी असा जिना काढून दिला की तो फक्त चढता येतो, उतरता येत नाही. तो वर गेला तो गेलाच. अजून गच्चीवर आहे. त्याचा डबा दोरीनं वर पाठवतात."

डावीकडून तत्काळ, "मागच्या वेळी तो गच्चीवर नव्हता, पाण्याच्या टाकीवर होता. आणि ही वेळ आहे का हो?"

उजवीकडून अगदी हळू, भिंतीला ओठ लावून बोलावं तसं, "मग काय झालं?"

इतक्या वर्षांत माझ्या बायकोनं मला कधीही, एकदाही, मग काय झालं असं विचारलेलं नाही.

७

मी डावीकडे दार काढलं.

त्या पहिल्या दारानंतर दुसरं कधी काढलं नव्हतं, त्यामुळे सावकाश काढलं. या वेळी भिंत नीट तोडली, टोकं बंद केली. एक रेघ ओढली. मग पाव वर्तुळ, सवयीनं आतल्या बाजूला. माऊस सोडला तेव्हा डावीकडे वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला.

दार होतं. नुसती पांढरी फळी. कडी नाही, मूठ नाही, बिजागरी नाही. नकाशात आम्ही त्या कधीच दाखवत नाही. आत उघडणारं दार, आणि ते माझ्याकडे ओढायला धरायला काही नाही. कडेला नख घालून पाहिलं, नख मोडलं.

"दिसलं का दार?"

"दिसलं."

"ढकल."

तिनं ढकललं. बोटभर फट पडली आणि फटीतून आमच्या पॅसेजमधल्या ट्यूबचा उजेड आला. तो दिवा थोडा थरथरतो, मी कधीचा बदलणार होतो. तो थरथरता उजेड पाहून मला रडूच यायचं बाकी होतं. मग दार थांबलं. लाकडाला लाकूड लागावं तसं नाही. मऊ कशाला तरी टेकून थांबलं.

"काहीतरी अडलंय आतून," ती म्हणाली.

"आत काही नाही. मी समोरच उभा आहे."

फटीत तिचा डोळा आला. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग अगदी जवळ, फळीच्या मागे. डोळा तिथेच राहिला.

"अहो," ती म्हणाली, आणि आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं. "ही कोण आहे?"

"कोण?"

"दाराला पाठ लावून उभी आहे. मला मागूनच दिसतेय. केस माझ्यासारखे बांधलेत."

मी पाहिलं. दार होतं, फट होती, फटीत माझ्या बायकोचा डोळा होता. दुसरं काही नव्हतं. मात्र उजवीकडची भिंत कधीची गप्प झाली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो आवाज भिंतीपलीकडून येत होता असं मीच धरून चाललो होतो. तो भिंतीच्या अलीकडूनही येत असेल.

८

मी मागे सरकत टेबलाशी आलो. दार बाहेर उघडणारं करायचं, पाव वर्तुळ उलटं करायचं, एका क्षणाचं काम. पण दाराला टेकून जे उभं आहे ते मग फळीसकट बाहेर जाणार, माझ्या बायकोच्या अंगावर. पॅसेज बंद आहे. तिला पळायला जागा नाही.

तरी हात माऊसकडे गेला. उजव्या भिंतीत एखादं दार काढून पाहावं, काहीतरी करावं.

"हात लावू नका त्याला," बायको म्हणाली. "तुमचा हात तिकडे गेला की ती मान वळवते."

"माझ्याकडे?"

"माझ्याकडे."

मी हात मांडीवर ठेवला.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "बोलत असता तेव्हा हलत नाही."

"काय बोलू?"

"मला काय विचारता? जन्मभर कधी अडला नाहीत. गोष्ट सांगा. लांबलचक सांगा."

"तू मध्ये बोलशील."

"नाही बोलणार."

तिनं शब्द पाळला, आणि आज सगळ्यात जास्त मी कशाला घाबरलो असेन तर त्याला. मी गोष्ट सुरू केली. अस्वलं, जिने, टाक्या, काही सुचेना, म्हणून हीच सांगायला घेतली, जशी झाली तशी, स्केल न वाढवता. कंप्यूटरचं खोकणं सांगितलं, डॉक्टर सांगितले, नर्स सांगितली. बाहेरून एकदाही कुणी चूक काढली नाही. जरा श्वास घ्यायला थांबलो की दाराजवळून येतं, "मग काय झालं?" आणि दर वेळी फट जराशी बारीक होते, जशी ती ऐकायला अंग सैल सोडून मागे रेलते.

मी लांबवली तेवढी लांबवली. पण गोष्ट आता जिथे मी बसलोय तिथवर येऊन पोचली, आणि यापुढचं मलाही माहीत नाही. ती संपली की पाहुणीला दाराला टेकून राहायचं कारण उरणार नाही. ती तिथून हलेल. दार मोकळं होईल. हलून ती कुणाकडे येईल, फटीकडे की टेबलाकडे, एवढाच प्रश्न आहे. तेवढं मला ठरवता आलं तर पाहतो. चांगला ऐकणारा माणूस गोष्टीकडे जात नाही, सांगणाऱ्याकडे येतो, असा माझा अनुभव आहे.

अगं, कप खाली ठेव. दोन्ही हात फळीवर ठेव. मी गप्प झालो की ढकल, आणि आत आल्यावर माझ्याकडे बघू नकोस, पडद्याकडे बघ. नकाशा उघडाच आहे, बाहेर जायचं दार काढ, एक रेघ आणि एक पाव वर्तुळ.

"मग काय झालं?"

काही नाही झालं. संपली गोष्ट. या बाई, उभ्या कशाला, अशा इकडे माझ्याजवळ या.